काजळ

यंदाच्या शिवजयंतीला आमच्या सोसायटीतल्या मुलांनी पन्हाळ्याचा वेढा बसवला होता. रंगभूषा माझ्याकडे होती. म्हणजे मिशा काढायच्या, गंध रेखायचं, फेटे घट्ट बसलेत का ते बघायचं. बाजीप्रभू व्हायला चौघं भांडत होती, शिवा काशीद व्हायला दोघं. सिद्दी जौहर कुणालाच नको होता. शेवटी तळमजल्यावरचा आठ वर्षांचा मुलगा, जो कशालाच नाही म्हणत नाही, त्याच्या वाट्याला जौहर आला. नाटक बसवणारा दादा म्हणाला, "काकू, ह्याला पूर्ण काळा करा. मागच्या खुर्चीवरूनही कळलं पाहिजे." मी काजळाच्या दोन डब्या खोबरेलात कालवल्या आणि त्याचं कपाळ, गाल, मान, कानाच्या पाळ्या, कोपरापर्यंतचे हात, सगळं रंगवून काढलं. तो डोळे मिटून गप्प बसला होता. पापण्यांवर बोट फिरवताना त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. जौहर मांडवात आला तेव्हा पुढच्या सतरंजीवरची लहान मुलं किंचाळली आणि मागे मोठी माणसं हसली. नाटक संपल्यावर मी टॉवेलाने त्याचा चेहरा पुसत होते. काळं तेल टॉवेलावर उतरत होतं, पण भुवयांत आणि कानामागे अडकून राहत होतं. त्याने आरशात पाहिलं आणि हळूच विचारलं, "काकू, हे पूर्ण निघेल ना?" मी म्हटलं, "निघेल रे. घाबरू नकोस."

घाबरू नकोस.

रात्री तो टॉवेल सोड्यात भिजत घालताना हे दोन शब्द परत आठवले आणि नंतर आठवतच राहिले. मूल कावरंबावरं झालं होतं, मी त्याला धीर दिला, यात वावगं काय? पण त्याला धीर द्यायची गरज आहे, हे मी न विचारता मान्य केलं होतं. रंग उतरला नाही तर ते भिण्यासारखंच आहे, यावर आम्हा दोघांचं एकमत होतं. त्याला ते कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मला कुणी शिकवलं, ते शोधायला मात्र फार लांब जावं लागलं नाही. बादलीतलं पाणी काळं होत गेलं आणि मला एक मनगट आठवलं.

माझं आजोळ बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, लोंढ्याच्या पलीकडच्या रानात. तिकडे जूनमध्ये पाऊस लागला की घरातल्या भिंतींनासुद्धा ओल सुटते. पांघरुणं आंबूस होतात, चुलीवर धरून वाळवावी लागतात आणि मग अख्खा श्रावण धुराच्या वासात झोपावं लागतं. म्हणून उन्हाळ्यातच गोधड्या शिवून घ्यायच्या. एप्रिल संपत आला की एक बाई यायची. उंच, सडसडीत, डोक्यावरच्या बारीक कुरळ्या केसांचा घट्ट अंबाडा, कानाच्या पाळ्या जड कुड्यांनी ओघळलेल्या. आजी वर्षभर जपून ठेवलेलं बोचकं सोडायची. त्यात तिची विरलेली नऊवारी असायची, आजोबांची धोतरं, मामांच्या शाळेच्या चड्ड्या. बाई ओसरीवर फतकल मारून बसायची, एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि कडेकडेने फिरत, एकेक तुकडा दुमडून बसवत, आत आत सरकत शेवटी मधोमध येऊन थांबायची. टाके असे की मुंग्यांची रांग निघालीय. आमच्याकडच्या बाया वाकळ शिवताना आधी कापड पसरून मग सरळ रेघा मारतात. हिची रीतच वेगळी. ती त्याला गोधडी म्हणायचीच नाही, कवंद म्हणायची. चारी कोपऱ्यांना तिकोनी घडी घातलेले रंगीत तुकडे लावायची. ती फुलं. एकदा वळीव चढून आला होता, तिला घरी जायची घाई होती. आजी म्हणाली, राहू दे कोपरे, काय अडलंय. तिने मान हलवली. "उघडी कशी देऊ, वैनी?" फुलांवाचून कवंद नागवी. अंधारात, कंदील जवळ ओढून, तिने चारी फुलं लावली आणि मग पावसातच निघून गेली.

ती आमच्याशी मराठी बोलायची, सोबत आलेल्या लेकीशी कोकणी, आणि वाटेवर फॉरेस्टचा गार्ड भेटला तर कानडी. तिच्या कोकणीत मराठी मिसळलेली असायची आणि मराठीला कानडीचा हेल. म्हणजे बोलण्यात ती अगदी आमच्यातलीच. मी सहा वर्षांची असेन. एका दुपारी तिच्या शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होते आणि तिचं मनगट माझ्या समोर होतं. मी परकराचं टोक थुंकीने ओलं केलं आणि ते मनगट चोळायला लागले. चांगलं जोर लावून. तिने हात मागे घेतला नाही. सुई दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "निघायचं न्हाय गे बाय. पक्का रंग हाय. तुझ्या परकराचा उतरंल." ओसरीवरची सगळी हसली. मीही हसले. ती हसली का, ते मला आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला आहे, पण तिचा चेहरा त्या क्षणाला दिसतच नाही, फक्त मनगट दिसतं आणि त्यावर माझा लाल परकर.

आजीचा तिच्यावर जीव होता, हे मी खोटं सांगत नाही. बाळंतपणाला तिला डिंक-खोबरं पाठवलेलं मला माहीत आहे. पण ओसरीच्या कोनाड्यात तिचा जर्मनचा पेला वेगळा ठेवलेला असायचा. चहा वरून ओतायचा, पिऊन झाल्यावर तिने तो स्वतः विसळायचा आणि पालथा ठेवायचा. आम्ही अकरा नातवंडं तिच्या हातच्या कवंदीत गुरफटून झोपत होतो, नाकातोंडावर ओढून घेत होतो, आणि तिला माजघराचा उंबरा नव्हता. घरात तिला सगळे 'सिद्दीण' म्हणत, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी लोकांतली बाई. "सिद्दीण आली गे, बोचकं काढ." तिचं नाव मला आजही माहीत नाही.

सिद्दी हा शब्द मी पुढे चौथीच्या पुस्तकात वाचला, आणि गंमत अशी की या दोन सिद्दींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही. पुस्तकातला सिद्दी तंबूत राहायचा, वेढा घालायचा, फसवला जायचा. ओसरीवरची सिद्दीण कवंद शिवायची. शाळेत एखाद्या सावळ्या पोराला 'हबशी' म्हणून चिडवायचे, तो आणखी तिसराच शब्द. नंतर सहलीला मुरूडला गेलो तेव्हा जंजिऱ्याच्या तटावर उभं राहून आम्ही तोफांची नावं पाठ केली, कलालबांगडी वगैरे, आणि हा किल्ला कुणालाच कसा घेता आला नाही ते ऐकून हळहळलो. जवळच खोकरीला सिद्दी नवाबांच्या कबरींचे घुमट आहेत. दगड काळाभोर, जाळीचं काम विलक्षण नाजूक. तिथे बस थांबली नाही. आपल्याला सिद्दी माहीत नाही असं कुणाही मराठी माणसाला म्हणता येणार नाही. आपण त्याला चांगला ओळखतो, पण तो कायम तटाच्या पलीकडे उभा असतो.

आणि ते तरी कुठे पुरतं खरं आहे? ज्या वेढ्याचं नाटक आम्ही केलं, तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर महाराजांच्या बाजूने जे गेले त्यांत सिद्दी हिलाल होता. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन जौहरच्या लोकांच्या हाती पडला. हे आमच्या नाटकात नव्हतं. मला ते तेव्हा माहीत असतं तरी दुसऱ्या एका पोराला मी काजळ फासलं असतं का, की हिलालला गोराच ठेवला असता, याचं उत्तर मला देववत नाही. त्याच्याही आधीचा मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, बाजाराबाजारांतून विकला गेलेला पोरगा पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली, जमिनीची मोजणी करून महसुलाची घडी बसवली, आणि १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही या दोघांना एकदम धूळ चारली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. अंबर खुलताबादला पुरलेला आहे. महाराष्ट्राच्या मातीचा तो इतका जुना भागीदार आहे. पण तो सुद्धा, आता मला वाटतं, एका परीने आपली सोयच करतो. अंबरचं कौतुक केलं की कोनाड्यातल्या पेल्याची आठवण काढावी लागत नाही.

ओसरीवरच्या बाईचे पूर्वज सरदार नव्हते. गोव्यात पोर्तुगीजांच्या घरांत राबायला मोझांबिककडून जहाजं भरून माणसं आणली जात. त्यांतली जी पळू शकली ती घाट चढली आणि कारवार, म्हणजे आताच्या उत्तर कन्नड, जिल्ह्याच्या रानात शिरली. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला, इकडे खानापूर, तिकडे कलघटगी. रानाने लपवलं, म्हणून वाचली. त्यांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, आणि लग्नाच्या वेळी धर्मापेक्षा सिद्दी असणं आधी बघतात, हे मी आजोळी स्वतः पाहिलं आहे. एकाच मांडवात एक मामा नमाजी आणि एक मामा भजनी. रात्री दमामीचे ढोल वाजायला लागले की ओसरीवर आम्हाला झोप यायची नाही. तो आवाज छातीत वाजायचा. आजी म्हणायची, झोपा गे, त्यांचं चाललंय. त्यांचं.

मग बरीच वर्षं मी हे सगळं विसरले. शिक्षण, पुणं, संसार. २०१८च्या मे महिन्यात आजोळच्या जमिनीच्या वाटपाचे कागद काढायला एका कचेरीत दिवसभर बसावं लागलं. माझ्या पुढे रांगेत पंचविशीचा एक सिद्दी तरुण होता. प्लास्टिकच्या पिशवीत कागद, पिशवीच्या तोंडाला रबर. त्याला अनुसूचित जमातीचा दाखला हवा होता. खिडकीपलीकडच्या माणसाने शांतपणे, अगदी समजुतीने सांगितलं की सिद्दी जमात यादीत आहे, पण ती उत्तर कन्नड जिल्ह्यापुरती. हा बेळगाव जिल्हा. तरुण बाजूला झाला, पण गेला नाही. बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. थोड्या वेळाने, मला उद्देशून की स्वतःशीच कोण जाणे, म्हणाला, "आमची आत्या हल्याळला दिलीया. तिची पोरं एस.टी. आमची आजी एकच, वाडा एकच, सण एकच. मंग मी कोण?" मी काय बोलणार? मी पाण्याची बाटली पुढे केली. ती त्याने घेतली, तोंड न लावता वरून पाणी प्याला, आणि झाकण पुसून परत दिली.

झाकण पुसलेलं बघून मला तो पेला आठवला.

हे नुसतं कागदाचं दुखणं नाही हे मला घरी येऊन, हळूहळू वाचत गेल्यावर कळलं. २००६चा वनहक्क कायदा घ्या. रानातल्या कसत्या जमिनीवर दावा लावायचा असेल तर अनुसूचित जमातीच्या माणसाला दाखवावं लागतं की १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ती जमीन त्याच्या ताब्यात आहे. जो यादीत नाही त्याला त्याच्यावर आणखी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास शाबित करावा लागतो. ज्यांचे पूर्वज कुणालाही पत्ता लागू नये म्हणून रानात शिरले, त्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा मागायचा! पळून आलेल्या माणसाने पावती सांभाळून ठेवली असेल का? शिवाय शाळेतली फी, वसतिगृहातली खोली, नोकरीतली जागा, ग्रामपंचायतीतली राखीव जागा, सगळं त्याच एका दाखल्याला टांगलेलं. जिल्ह्याची हद्द रानातून जाते. हद्दीच्या या बाजूचा भाऊ आणि त्या बाजूची बहीण एकाच झाडाची फणसं खातात, आणि सरकारच्या लेखी एकाला जमात आहे, दुसऱ्याला नाही.

उत्तर कन्नडातल्या सिद्दींना तरी ही ओळख मिळाली कधी? २००३ मध्ये. स्वातंत्र्याला पंचावन्न वर्षं उलटून गेल्यावर. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८७ मध्ये, भारतीय क्रीडा प्राधिकरणाची माणसं त्यांच्या वाड्यांवर येऊन गेली होती. आफ्रिकी रक्त आहे, पळतील, उड्या मारतील, पदकं आणतील, या हिशेबाने कोवळी मुलं निवडून नेली. मुलं खरोखर धावली. कमला सिद्दी अडथळ्यांच्या शर्यतीत देशपातळीवर गेली. १९९३ मध्ये योजना गुंडाळली, मुलं घरी परतली, बरीचशी मजुरीला लागली. मला या दोन सालांमधलं अंतर बघवत नाही. राज्यसंस्थेला त्यांचे पाय १९८७ मध्ये दिसले, आणि तीच माणसं हक्कदार आहेत हे दिसायला पुढे सोळा वर्षं लागली. त्यांनी काहीच केलं नाही म्हणून उशीर झाला असंही नाही. संघटना बांधून, वाड्यावाड्यांवर बैठका घेऊन, बेंगळुरूपर्यंत खेटे घालून त्यांनी हे मिळवलं. रोजंदारी बुडवून मोर्चाला जाणं म्हणजे त्या दिवशी चूल पेटेल का याची शाश्वती नसणं, हे आपण, पगारी रजेवाले, चटकन विसरतो.

२०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि बेळगाव, धारवाडचे सिद्दीही यादीत आले. मला रबर लावलेली ती पिशवी आठवली. त्याच वर्षी जुलैत शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेत गेले. विधिमंडळाची पायरी चढणारे पहिले सिद्दी. तो फोटो मी कितीतरी वेळ बघत बसले. आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि त्या आनंदात एक खडा राहिला. ते राज्यपालांनी नेमलेले सदस्य, निवडून आलेले नव्हेत. कुठल्या पक्षाने नेमलं, त्यांचं राजकारण मला पटतं का, हा वेगळा विषय. मुद्दा असा की त्यांना निवडून यायला वाटच ठेवलेली नाही. कर्नाटकाच्या विधानसभेत अनुसूचित जमातींना १५ जागा राखीव आहेत, पण उत्तर कन्नडातल्या सहांपैकी एकही त्यांत नाही. २०११च्या जनगणनेत कर्नाटकात अनुसूचित जमात म्हणून मोजलेले सिद्दी १०,४७७. मोजक्या तालुक्यांत, रानात, वाडी-वाडीने विखुरलेले. कुठल्याही मतदारसंघात ते इतके नाहीत की कुणाला त्यांची धास्ती वाटावी. मग त्यांच्या वतीने बोलणारा माणूस सभागृहात असावा की नाही, हे दर वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी मनावर राहतं. देणाऱ्याने दिलेली खुर्ची देणाराच मागे घेऊ शकतो. पेल्यात वरून ओतलेला चहा गरम असतो, गोड असतो, पण तो वरूनच ओतलेला असतो.

देशभरात जनगणनेला सापडलेले सिद्दी १९,५१४. कर्नाटक सोडलं तर गुजरातेत ८,६६१, दमण-दीवला १९३ आणि गोव्यात १८३. गुजरातेतही पुन्हा तीच जिल्ह्यांची कात्री. सौराष्ट्रातले यादीत, पण भरूचकडचे, रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, बाहेर. जांबूरच्या हीराबाई लोबींना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. लहानपणी पोरकी झालेली, आजीने वाढवलेली, रेडिओ ऐकून शेणखताचा उद्योग शिकलेली ही बाई शेकडो सिद्दी बायकांना घेऊन उभी राहिली. राष्ट्रपती भवनातल्या गालिच्यावरून ती चालत आली तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहिले होते, का ते सांगता येणार नाही. आणि महाराष्ट्र? मलिक अंबर आणि जंजिरा ज्या राज्यात आहेत त्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दी हे नावच नाही. म्हणून आपल्याकडे किती, याचा आकडाही नाही. मुरूडचं संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं आणि आपल्या हिशेबी सिद्दी तिथेच संपला. कारवारला खापरी देवाचं देऊळ आहे, आफ्रिकेकडून आलेला देव म्हणतात. त्याला विड्या, मेणबत्त्या, दारू वाहतात. सारस्वतांपासून कोळ्यांपर्यंत सगळे नवस बोलतात. देव म्हणून चालतो तो. शेजारी म्हणून खोली भाड्याने द्यायची वेळ आली की मात्र पासपोर्ट विचारतात. आजोळच्या वाडीतून पुण्यात नोकरीला आलेल्या एका मुलीला गेल्या वर्षी घरमालकाने खरोखर विचारला. तिने आधार कार्ड काढून दाखवलं. पत्ता तालुका खानापूर. तो म्हणे कार्ड उलटंसुलटं करून बघत राहिला.

संयुक्त राष्ट्रांनी आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी २०१५ ते २०२४ असं दशक जाहीर केलं होतं, आणि २०२५ पासून दुसरं सुरू झालं आहे. अशा दशकांनी काय होतं, असं मीही म्हणायचे. पण कोलंबियाचं उदाहरण वाचून गप्प झाले. तिथल्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या, पळून जाऊन रानात आणि नदीकाठी वसलेल्या गुलामांच्या वंशजांनी १९९३ मध्ये कायदा करून घेतला. कसती जमीन समाजाच्या सामाईक मालकीची झाली, संसदेच्या खालच्या सभागृहात दोन जागा त्यांच्या नावाने ठेवल्या गेल्या. २०२२ मध्ये फ्रान्सिया मार्केस ही त्याच समाजातली बाई देशाची उपराष्ट्राध्यक्ष झाली. आधी घरकामाला जाणारी, सोन्याच्या बेकायदा खाणींविरुद्ध गावच्या बायकांना घेऊन चालत राजधानीला गेलेली. तिथे सगळं गोडीगुलाबीचं आहे असं नाही, तिथे जमिनीसाठी आजही माणसं मारली जातात. पण रानात पळून गेलेल्यांच्या नातवंडांसाठी कायद्यात जागा करता येते, एवढं तरी तिथे झालं. घाटावरची कहाणी त्याहून फार वेगळी आहे का? तेच समुद्र ओलांडणं, तेच पळणं, तेच रान.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगत होते. मामा आता पंचाहत्तरीचे, आजोळच्या घरात एकटेच राहतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, पण त्यांना कुणी अडवलंय? मत हाय की त्यांना. आमच्या गावच्या यादीत चांगली पंधरा-वीस नावं हायत. दर इलेक्शनला जीप पाठवतात न्यायला." मी म्हटलं, जीप न्यायला येते मामा, पण जीपमधून उतरून कुणी त्यांच्या ओसरीवर बसतं का? आपण बसलो का? ते थोडा वेळ बोलले नाहीत. मला वाटलं दुखावले. मीही कोण लागून गेले त्यांना सांगणारी. काजळ मीच कालवलं होतं.

मग मी विचारलं, "मामा, कवंद शिवायला यायची तिचं नाव काय होतं?"

पलीकडून पंख्याचा आवाज येत राहिला. "सिद्दीण," ते म्हणाले. मग स्वतःच थांबले. "नाव... थांब हां. आईला ठाऊक असंल." आजी जाऊन एकवीस वर्षं झाली.

त्या रविवारी मी माळ्यावरून ट्रंक उतरवली. लग्नात आजीने दिलेली कवंद तळाशी होती, डांबरगोळ्यांच्या वासाची. एका बाजूला विरली आहे, पण टाके एकही सुटलेला नाही. आजीची जांभळी इरकली ओळखू आली, मामांच्या चड्डीचं खाकी ओळखू आलं, आणि कडेला बोटभर लाल तुकडा आहे तो माझ्या परकराचा असावा. रंग उतरलाय त्याचा. चार कोपऱ्यांना चार फुलं. तळमजल्यावरचा मुलगा खेळायला आला होता, तो त्यावर आडवा झाला, टाक्यांवरून बोट फिरवत बाहेरून आत, आत, मधोमध गेला. कानामागे अजून काळसर होतं की मला भास झाला कोण जाणे. "कुणी केलीय?" त्याने विचारलं. मी त्याला पन्हाळ्यापासून सुरुवात करून सांगायला लागले, हिलालची गोष्ट सांगितली, वाहवाहची सांगितली. त्याने सगळं ऐकलं आणि परत विचारलं, "हो, पण कुणी केलीय?"

तीन दिवसांनी मामांचा फोन आला. त्यांनी पंचायतीतल्या पोराकडून मतदार यादी मागवून घेतली होती, जुनीसुद्धा. चष्मा लावून एकेक नाव वाचून दाखवत होते. आडनाव सगळ्यांचं एकच, सिद्दी. पुढे नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय. तिच्या वयाच्या बसतील अशा चार बायका होत्या. त्यांतल्या दोन नव्या यादीत नाहीत. मामा प्रत्येक नाव दोनदा वाचत होते, जणू मोठ्याने म्हटल्यावर चेहरा समोर येईल. आला नाही. शेवटी त्यांनी कागद बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"तू असं कर," ते म्हणाले, "पाऊस लागायच्या आधी ये. वाडीवर जाऊ आपण दोघं. आणि येताना ती कवंद आण. तिथल्या बायका टाक्यावरनं सांगतील, कुणाचा हात हाय तो."